अजून चालू

शनिवारी साडेचारला समाजमंदिराचं कुलूप काढायचं,
एवढंच माझं काम.
सतरंज्या झटकायच्या, माठ भरायचा,
पंख्याचं तीन नंबरचं बटण दाबू नका, शॉक बसतो,
हे नव्या पोरांना सांगायचं.

दांडेकर पुलाच्या अलीकडून, कालव्याकडच्या गल्ल्यांतून
ती येतात, दहा-बारा, कधी सोळा.
मोबाइल चपलांसारखे दाराशी काढून ठेवतात
आणि गोल करून बसतात.
तनुजाताई फळ्यावर काही लिहीत नाही.
नियम एकच: "मी" म्हणायचं नाही.
आटपाट नगर होतं, तिथं एक अमुक होता,
पुढचं तुमचं तुम्ही.

मला आधी वाटलं, मिसरूड फुटलेली ही पोरं,
यांना गोष्टी कसल्या, चिमणी-कावळ्याच्या?
मी बाहेर स्टुलावर तंबाखू मळत बसायचो.
पण दाराची फट मोठी आहे.

आफरीनच्या नगरात एक कुकर होता,
त्याची शिट्टी घरच्यांनी काढून ठेवलेली,
शेजारी ऐकतील म्हणून.
लहूच्या नगरात दहावीची एक मार्कलिस्ट होती,
ती रात्री माळ्यावरून खाली उतरायची
आणि बापाच्या उशाशी बसून रडायची.
पोरं हसली. लहूपण हसला.
मग कुणीच हसत नव्हतं,
आणि ताईनं नुसता पेला भरून त्याच्यापुढं सरकवला.
"होईल सगळं नीट" असं एकानंही म्हटलं नाही.
मी आत असतो तर म्हटलं असतं.

सम्यक मात्र सात शनिवार
सतरंजीचा दोरा ओढत बसला.
त्या कोपऱ्यात आता बोट जाईल एवढं भोक आहे.
मी रागावणार होतो.

आठव्या शनिवारी बाहेर कुठल्याशा पथकाचा
ढोलांचा सराव चाललेला,
शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना,
तेव्हाच नेमका तो बोलायला लागला.
कदाचित म्हणूनच.
ओठ हलत होते, आणि पोरं
बसल्या बसल्या पुढं सरकत
गोल लहान लहान करत गेली.
मीही फटीला कान लावला.

एक होतं घर, तो म्हणत होता,
कालव्याचं पाणी आत आलं तेव्हा ते पोहायला शिकलं.
पाणी ओसरलं. भिंती धुतल्या, गाळ काढला,
साहेब येऊन पंचनामा करून गेले,
पण घराला कुणी सांगितलंच नाही
की आता पोहणं थांबव.
ते अजून रात्रीचं

आणि ढोल थांबले.
"हातपाय मारतं" एवढंच
सगळ्या हॉलभर मोठ्यानं ऐकू आलं.
सम्यक स्वतःच दचकला.
ताई म्हणाली, मग?
तो म्हणाला, मग माहीत नाही.

इथं एक रीत आहे, पोरांनीच पाडलेली.
ज्याची गोष्ट संपली त्यानं म्हणायचं,
साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.
ज्याची संपली नाही त्यानं म्हणायचं, अजून चालू.
बाकीच्यांनी म्हणायचं, ऐकतोय.

अजून चालू, सम्यक म्हणाला.
ऐकतोय, म्हणाली पंधरा तोंडं,
आणि फटीपाशी एक सोळावं.
ते माझंच, हे मला जरा उशिरा कळलं.

साडेसहाला कुलूप लावायचं असतं.
त्या दिवशी सात वाजून गेले.
नगरसेवकाच्या माणसाचा फोन दोनदा वाजला,
मी उचलला नाही.

रात्री जेवताना बायकोला म्हटलं,
आटपाट नगर होतं, तिथं एक शिपाई होता.
ती आमटी वाढता वाढता थांबली.
आमचा थोरला चाकणला असतो, चार वर्षं झाली.
त्याचा नंबर मला पाठ आहे.
शिपायाकडं सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या, म्हटलं,
आणि पुढं शब्दच फुटेना.

तिला रीत माहीत नाही.
म्हणाली, आमटी गार होतेय.
पण पळी तशीच हातात धरून उभी राहिली.